पर्थला येताय? कुकर राहू दे, आजोबांचा दाखला घ्या

डिसेंबरात ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून साताऱ्याला आलो की पोवई नाक्यावर चहाला बोलावणारी एक-दोन घरं असतातच. व्हिसा लागलेला, बॅगा अर्ध्या भरलेल्या. कुकर आणू का, चटणी किती किलो आणू? आणा की. फक्त चटणी असो की कंदी पेढे, खाण्याचं जे असेल ते विमानतळावरच्या कार्डावर लिहा, लपवू नका. दंड जबर आहे.

मी मात्र उलट विचारतो, पोरगं केवढं आहे? त्याच्या आजोबांच्या जन्माची नोंद कुठे आहे?

पोरगं वर्षाच्या आत फुटबॉलला लागणार, हे धरूनच चाला. तिकडे 'फूटी' म्हणजे लांबट चेंडूचा वेगळाच खेळ, आपला तो 'सॉकर'. हंगाम एप्रिल ते सप्टेंबर, तिथला हिवाळा. शनिवारी सकाळी गारठ्यात आईबापांची पाळी लागते. कुणी लाईनवर झेंडा धरायचा, कुणी हाफटाइमला संत्र्याच्या फोडी न्यायच्या. पहिल्या वेळी आमच्या हिने फोडींवर चाट मसाला भुरभुरला. एकाही पोराने हात लावला नाही. डबा आम्ही बाप लोकांनीच संपवला. माझ्या निम्म्या ओळखी त्या डब्यावरच्या.

आता दाखल्याचं. फुटबॉलपटू रायन विल्यम्स पर्थचाच, १९९३ चा जन्म. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाकडून एक मैत्रीपूर्ण सामनाही खेळला. आई मुंबईत जन्मलेली, आणि आईचे वडील १९५० च्या दशकात संतोष ट्रॉफीत, म्हणजे राज्याराज्यांच्या फुटबॉल स्पर्धेत, मुंबईकडून खेळलेले. एखाद्या देशाकडून खेळायला फिफाला (जागतिक फुटबॉल संघटनेला) आईबाप किंवा आजी-आजोबा त्या देशात जन्मलेले चालतात. भारताला तेवढ्यावर चालत नाही, हातात भारतीय पासपोर्ट लागतो. म्हणून त्याने ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडलं आणि २०२५ मध्ये भारताचं घेतलं. जपानमध्ये वाढलेल्या, पुणे एफसीकडून खेळलेल्या अराता इझुमीनेही आधी तेच केलं होतं. त्याचे वडील गुजराती.

आपल्याकडे दोन नागरिकत्वं चालत नाहीत. तुम्ही तिथलं घेतलंत की भारतीय पासपोर्ट जमा करायचा, मग ओसीआय, म्हणजे मूळच्या भारतीयांना मिळणारं कार्ड. सोळाच्या आतल्या पोरांची नावं आईबापाच्याच अर्जात जातात, म्हणजे निर्णय त्यांच्याबद्दलचा आणि सही आपली. ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही (वारसाने येते, घाबरू नका), आणि भारताच्या संघातही घेत नाहीत. पीआर (कायम राहण्याचा परवाना) मिळाल्यावर तिथे बाळ झालं तर ते जन्मतःच ऑस्ट्रेलियन. त्याला भारतीय ठेवायचं असेल तर वर्षाच्या आत वकिलातीत नोंद करा आणि तिथला पासपोर्ट काढू नका. आम्ही बारशाच्या गडबडीत ते वर्ष घालवलं. चूक आमचीच.

ओसीआयलाही आईबाप नाहीतर आजी-आजोबांचे कागद लागू शकतात. माझ्या वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला निघाला, पण जन्मतारीख १ जून! त्यांच्या वर्गातल्या निम्म्या पोरांची तीच, गुरुजींनी टाकलेली. खरी नोंद कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीत सापडली, तीही मोडी लिपीत. वाचणारा शोधण्यात एक सुट्टी गेली, प्रमाणित नक्कल आणि भाषांतर करून घेण्यात दुसरी.

तुमचे आजोबा हयात असतील तर आज संध्याकाळीच त्यांच्याजवळ बसा. जन्म कुठल्या गावचा, कागदावर नाव कुठलं, ते विचारून घ्या. माझ्या आजीचं माहेरचं नाव कागदावर एक, सासरचं दुसरं, आणि गावभर तिला म्हणायचे बायजाक्का.