बॉम्बर तळावर न परतलेल्या विमानाचा माग कसा काढावा

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बॉम्बर कमांडचे (हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागाचे) ५५,५७३ विमानकर्मी मृत्युमुखी पडले. त्यांपैकी एखाद्याचा शोध घेताना नावाइतकेच महत्त्व स्क्वाड्रन (विमानांची तुकडी) आणि तारखेला द्यावे, कारण एकाच नावाची माणसे अनेक सापडतात.

त्यानंतर लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारातल्या ‘एअर २७’ या मालिकेतून त्या स्क्वाड्रनची नोंदवही काढावी. तिच्या फॉर्म ५४० मध्ये दिवसाचा गोषवारा असतो, तर फॉर्म ५४१ मध्ये विमानाचा क्रमांक, त्यातील प्रत्येकाचे नाव आणि उड्डाणाची व उतरण्याची वेळ ओळीने दिलेली असते. खरा ऐवज इथेच आहे. उतरण्याच्या रकान्यात वेळेऐवजी ‘बेपत्ता’ असा शेरा दिसला, तरी मृत्यू गृहीत धरण्याची घाई करू नये, कारण हवाई छत्रीने उतरून युद्धकैदी झालेलेही पुष्कळ होते. रात्रीची मोहीम बहुधा मध्यरात्र ओलांडत असल्याने दोन्ही तारखा तपासाव्यात: स्कॅम्प्टन तळावरून १६ मे १९४३ च्या रात्री जर्मनीतील धरणांवरील हल्ल्यासाठी १९ लँकास्टर बॉम्बर विमाने निघाली, त्यांतील ८ परतली नाहीत आणि ५३ जण ठार झाले, परंतु त्यांच्या मृत्यूची तारीख अनेक ठिकाणी १७ मे अशीच आढळते.

तळावरील एकूण कामकाजासाठी ‘एअर २८’ चाळावी (मजकूर बराच रुक्ष असतो). शेवटी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या सूचीत नाव शोधावे. समाधी सापडली नसेल, तर ते बहुधा इंग्लंडमधील रनिमीड येथील स्मारकावर कोरलेले असते.