घरच्या टाकीत जंगली बेट्टा: अल्बिमार्जिनाटाची पिल्लं कशी काढायची

दुकानात प्लास्टिकच्या कपात मिळतो तो लांब शेपटीचा फायटर मासा, आपण बोलतोय ते त्याच्या जंगली भाऊबंदाबद्दल. बेट्टा अल्बिमार्जिनाटा बोर्निओचा, इंडोनेशियाकडच्या पूर्व भागातल्या जंगलातल्या छोट्या ओढ्यांतला, पानांच्या कचऱ्यात उथळ पाण्यात राहणारा. शास्त्रज्ञांनी 1994 मध्ये त्याला नाव दिलं, अर्थ सरळ आहे, पांढऱ्या काठाचा. नर विटकरी रंगाचा, परांना जाड काळा पट्टा आणि त्याला पांढरी किनार, मासा जेमतेम दोन इंच. हा बुडबुड्यांचं घरटं करत नाही, बाप अंडी तोंडात धरून उबवतो, त्यामुळे सगळी पद्धतच वेगळी.

आधी पाणी, जोडी नंतर. मासे घरी आणून मग पाण्याची धावपळ करू नका प्लीज. दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी पुरते, साधारण 40 लिटर. पाणी मऊ आणि थोडं आम्लधर्मी लागतं, पीएच 5.5 ते 6.5 आणि टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, 100 च्या खाली. बोअरचं पाणी शक्यतो नकोच, आरओचं घ्या, पण घरच्या प्युरिफायरमध्ये मिनरल टाकणारी काडतूस असेल तर पाणी त्याच्या आधीच्या पाइपातून काढा, नाहीतर टीडीएस परत वर जातो आणि आपण विचार करत बसतो की चुकलं कुठे. स्पंज फिल्टर दुसऱ्या चालू टाकीत महिनाभर ठेवून मग इकडे आणा, कारण माशांची घाण पचवणारे चांगले बॅक्टेरिया आम्लधर्मी पाण्यात फार हळू वाढतात.

टाकीत वाळलेली पानंही लागतात, त्यांच्यासाठी ऑनलाइन पैसे घालवायची गरज नाही, आपल्याकडे रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात जो देशी बदाम असतो त्याचीच पानं. झाडावरची हिरवी तोडू नका, खाली पडलेली लालसर-तपकिरी घ्या, जिथे औषध फवारत नाहीत तिथली, धुऊन कडक वाळवा आणि तीन-चार टाका. दोन-तीन दिवसांत पाणी कोऱ्या चहासारखं होतं. तळाशी पानं, एखादं लाकूड, वर तरंगती झाडं, उजेड मंद. झाकण घट्ट हवं, वायरची फट सुद्धा बुजवा, माझा पहिला नर बोटभर फटीतून उडी मारून गेला आणि सकाळी टेबलामागे सुकलेला सापडला, ते अजून आठवतं.

तापमान 24 ते 27 बरं. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये ते टिकत नाही, तेव्हा झाकणाऐवजी बारीक जाळी लावून वरून छोटा पंखा सोडा, दोन-तीन डिग्री उतरतात, आणि उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचंच घाला.

जमलं तर पाच-सहा लहान मासे घ्या आणि जोडी त्यांची त्यांना जमवू द्या. टाकीत वाढलेलेच मागा, जंगलातून पकडलेले नकोत. चॅनॉइड्स नावाची जवळची जात आहे, तिच्या माद्या जवळपास अशाच दिसतात, त्यामुळे दोन्ही एका टाकीत कधीच ठेवू नका.

दोन आठवडे मोइना, डॅफ्निया, आर्टेमिया असं पाण्यातल्या बारीक जिवांचं जिवंत खाणं भरपूर द्या. मग बघा, मादीच पुढाकार घेते, नराला ढुशा देत फिरते. नर तिच्याभोवती कमानीसारखा वळतो, अंडी त्याच्या खालच्या परावर पडतात, मादी ती तोंडाने उचलून त्याच्यासमोर एकेक थुंकते आणि तो झेलतो. कधी तिचा नेम चुकला तर तीच परत उचलते. हे तासनतास चालतं, लांबून बघा, लाइट लावू नका.

नंतर नराची हनुवटी फुगलेली दिसेल, तो पानाखाली जाऊन बसेल आणि खाणं बंद. आता खरं काम म्हणजे काहीच न करणं. मासे पकडायची जाळी आत घालायची नाही, मोठं पाणी बदलायचं नाही, काचेवर टकटक नाही, घाबरला की तो सगळी अंडी गिळून टाकतो. पहिल्या एक-दोन खेपांना तसाही गिळतो, नवखा बाप असतो, त्याला वेळ द्या. मादी फारच त्रास देत असेल तर तिला काढा, त्याला नाही.

दोन ते तीन आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात, दहा-वीस, पहिल्यांदा पाच-सहाच, पण पूर्ण तयार आणि लगेच खाणारी. म्हणून दहाव्या दिवसापासूनच रोज थोडी आर्टेमियाची अंडी उबवत ठेवा, लिटरला 25 ग्रॅम मीठ, हवेचा पाइप, 24 ते 36 तास, आणि द्यायच्या आधी गोड्या पाण्यात धुऊन घ्या. पिल्लं हलवायची तर कपाने पाण्यासकट हलवा. आठवड्याला दहा टक्के पाणी बदला, तेही त्याच टीडीएसचं.

आणि बाप मोकळा झाला की पोट आत गेलेलं असतं त्याचं, रंगही उतरलेला. त्याला मादीपासून महिनाभर वेगळं ठेवा आणि पहिल्या दिवशी अगदी थोडी मोइना द्या, दुसऱ्या दिवशी जरा जास्त, तो स्वतः काचेपाशी येऊन मागायला लागेपर्यंत.