मिशनवरून दर शुक्रवारी लिहायचं पत्र

परदेशी मिशनवर, म्हणजे चर्चच्या सेवाकामाला, निघालेल्याला गोव्यात निरोप थाटात मिळतो. मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, सगळ्यांसमोर उभं करतात, फादर आशीर्वाद देतात, हातात पाकिटं सरकवली जातात आणि एखादी मावशी हमखास म्हणते, "दर आठवड्याला लिहीत जा हां, आम्ही सगळ्यांना वाचून दाखवू." मलेरिया, व्हिसा, घरची आठवण, यांबद्दल तुम्हाला दहा जण सावध करतील. मावशीच्या या वाक्याबद्दल कोणी करत नाही, म्हणून हा लेख.

माझ्याबद्दल थोडक्यात. घर डिचोलीला, मूळ सावंतवाडीकडचं, त्यामुळे घरात मराठी आणि चर्चमध्ये कोंकणी. मी सिस्टर, म्हणजे नन, नाही, साधी स्वयंसेविका. पश्चिम केनियातल्या एका पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चभोवतीच्या धर्मग्रामात, होते. संस्था कुठली याला महत्त्व नाही, आठवडा सगळीकडे साधारण सारखाच जातो. सोमवारी सुट्टी, म्हणजे कपडे धुणं आणि मटाटूत, म्हणजे तिथल्या वडापच्या मिनीबसमध्ये, कोंबून बाजार गाठणं. मंगळवार-बुधवार शाळा आणि भाषा. शनिवारी बोडाबोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर, मागे बसून लांबच्या एखाद्या छोट्या चर्चला. रविवारची मिस्सा अडीच-तीन तास चालते, आणि ती लांबली तरी तिथे कोणी घड्याळ बघत नाही. लोक अर्पणात कोंबडी, अंडी, केळीचा घड आणतात, नंतर बाहेर त्यांचा लिलाव होतो आणि हशा पिकतो. घड्याळावरून आठवलं: स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. "दहाला ये" म्हटलं तर दुपारी चारला जायचं. एकदा फजिती झाली की पुन्हा विसरत नाही.

गुरुवार मात्र महत्त्वाचा. त्या दिवशी जुमुइया, म्हणजे शेजारच्या दहा-पंधरा कुटुंबांचा गट कोणाच्या तरी अंगणात जमतो. येत्या रविवारचं शुभवर्तमान वाचतात, मग आजारी कोण, फी कोणाची अडली, नवरा-बायकोचं कोणाचं बिनसलं, सगळं निघतं. आपल्याकडे गोव्यातही वाड्यावाड्यांवर असे गट आहेत, पण पूर्व आफ्रिकेच्या बिशपांनी १९७०च्या दशकापासून त्यांना पॅरिशचा पायाच मानलं. आणि ते तसे आहेतही. तिथे तुम्हाला फार काही करायचं नसतं. बसायचं, ऐकायचं, चहा प्यायचा. केनियात भारतीय माणूस म्हणजे दुकानदार, हार्डवेअरवाला. तो आपल्यासोबत चिखल तुडवत येऊन बाकावर बसतो, एवढ्यानेच आधी कुतूहल आणि मग विश्वास तयार होतो.

आणि गुरुवारनंतर शुक्रवार येतो. पत्राचा दिवस.

सापळा असा असतो. पहिली काही पत्रं आपोआप लिहिली जातात, कारण सगळंच नवं असतं. मग नवं संपतं. पण गोव्यात वाचणारे वाट बघत असतात. त्यांनी तिकिटाचे पैसे जमवलेले असतात, आणि "या आठवड्यात काही झालं नाही" असं लिहायला लाज वाटते. मग गुरुवारी त्या अंगणात बसल्याबसल्या कान वेगळ्याच गोष्टीकडे लागतात. एखादी आजी मुलगा कसा गेला ते सांगत असते आणि माझ्या डोक्यात परिच्छेद जुळायला लागलेला असतो. तिचं सांगून संपलेलंही नसतं. चेहरा सहानुभूतीचा, मान हलते आहे, डोळ्यांत पाणीही खरं, पण आतला एक कोपरा म्हणतो आहे की शेवट इथे करावा. हे इतकं हळू शिरतं की पाप वगैरे काही वाटत नाही. कामच वाटतं.

फोटोंचं तेच. फाटक्या शर्टातला पोरगा गोड हसतो, फोटो जातो, गोव्यातून कोणाचं तरी मन द्रवतं, पैसे येतात. वाईट काय त्यात? सांगते. त्या जुमुइयाची स्वतःची एक पद्धत असते. दर आठवड्याला थोडी वर्गणी काढतात, या टर्मला मदत कोणाला हे मोठी माणसं बसून ठरवतात, आणि त्यांना कोणाच्या घरी काय आहे हे पक्कं माहीत असतं. बाहेरचा पैसा थेट एका मुलाच्या नावाने येतो, कारण तो फोटोत छान दिसला. शेजारच्या घरातल्या मुलीची गरज जास्त, पण ती कॅमेऱ्याला लाजली. केनियात २००७पासून एम-पेसा आहे, मोबाइलवरून पैसे क्षणात पोचतात, आणि पैसे आल्याची बातमीही तेवढ्याच वेगाने गावभर होते. पुढच्या गुरुवारी लोक तुमच्याशी बोलतात ते थोडं वेगळं असतं. कोणी भांडत नाही. फक्त अडचणी सांगताना त्या जरा सजवून सांगितल्या जातात, कारण ऐकणारीच्या मागे पैसा आहे हे कळलेलं असतं. तुम्ही पत्रासाठी ऐकता आणि ते पत्रासाठी बोलतात. त्या अंगणात आता कोणी प्रार्थनेला बसलेलं नसतं.

याहून खोल जखम प्रार्थनेला होते. रात्री दिवसाचा आढावा घेऊन देवापुढे बसायची सवय आपल्यापैकी बहुतेकांना लावलेली असते. मी बसायचे आणि आढाव्याचा मसुदा व्हायचा. देवाला सांगायच्या आधीच वाक्यं घासूनपुसून तयार. कित्येक महिने मला वाटत होतं की माझी प्रार्थना फार समृद्ध झाली आहे!

पत्र हे मिशनचं जुनंच दुखणं आहे. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरले आणि पुढे त्यांच्या पत्रांच्या नकला युरोपभर फिरल्या. त्या वाचून कितीतरी तरुण निघाले, हे खरंच. पण मला इंग्लंडमधले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स जास्त जवळचे वाटतात. ऑक्टोबर १५७९ मध्ये ते गोव्यात पोचले आणि महिना व्हायच्या आत त्यांनी वडिलांना पत्र लिहिलं. त्यात बहुतेक समुद्रप्रवासच आहे. साहजिक आहे, लोक अजून कळलेच नव्हते. मग ते गोव्यातल्याच साष्टी भागात राहिले, इथली भाषा बोलत, ऐकत, आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण तिथल्याच रायतूरच्या छापखान्यातून निघालं ते १६१६ मध्ये. मधल्या सदतीस वर्षांत त्यांचे किती शुक्रवार कोरडे गेले असतील, याचा विचार मला तिथे फार धीर द्यायचा.

आणि आपले बाणावलीचे संत जुझे वाझ. १६८७ मध्ये मजुराच्या वेशात श्रीलंकेतल्या जाफन्याला पोचले. तिथे डच सत्ता, कॅथलिकांवर बंदी, म्हणून रात्री लपूनछपून लोकांच्या घरांत मिस्सा. कोणाच्या घरी जमलो हे बाहेर फुटलं असतं तर त्या घराचा घात झाला असता. २०१५ मध्ये कोलंबोत पोपनी त्यांना संत घोषित केलं. आपण त्यांच्या नावाने नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, करतो आणि इकडे गरिबाचं घर नावागावासकट ग्रुपवर टाकतो.

घाबरू नका. पत्र बंद करा असं मी म्हणत नाही, घरच्यांना काळजी असते आणि पैसे देणाऱ्यांना हिशेब मिळायलाच हवा. पण हिशेब आणि गोष्ट यांची गाठ सोडा. हिशेब कोरडा लिहा: किती आले, कुठे गेले, पॅरिशच्या खात्यातून. गोष्ट लिहायचीच तर ताजी लिहू नका, दोन-तीन महिने जाऊ द्या. बहुतेक गोष्टी तोपर्यंत उतरतात आणि आपण केवढा मोठा अनर्थ लावला होता ते कळतं. माणसाचं नाव आणि चेहरा नको. पाऊस, रस्ता, जेवण, स्वतःची फजिती, हे हवं तेवढं लिहा. उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) आणि सुकुमा विकी (पालेभाजी) यांवर माझं एक अख्खं पत्र आहे आणि आईला तेच सगळ्यात आवडलं.

मार्गदर्शकाबद्दल माझं मत जरा कडू आहे. गोव्यात बसून व्हॉइस मेसेजवर तुमचं आध्यात्मिक जीवन सुधारणारे पुष्कळ भेटतील. माणसं चांगली असतात, पण त्यांना तुम्ही पत्रातूनच माहीत असता, आणि पत्रातली तुम्ही नेहमीच थोडी बरी असता. तिथे राहणारं कोणीतरी शोधा, ज्याने तुम्हाला चिडलेलं, आळसावलेलं पाहिलं आहे. मला पॅरिशच्या स्वयंपाकघरातल्या बाई भेटल्या. त्या सल्ला द्यायच्या नाहीत, "आज कोणाकडे गेली नाहीस?" एवढंच विचारायच्या. भाषेचंही तसंच, ॲपवर शंभर शब्द पाठ करण्यापेक्षा पहिलीच्या वर्गात मागच्या बाकावर बसा. मुलं हसतात, आणि हसताना चूक सुधारतात.

आणि कोरडे आठवडे येतात. बरेच येतात. मार्च ते मे मोठा पाऊस, रस्ते बंद, जुमुइया रद्द, वीज नाही, प्रार्थनेत मन नाही. याचा अर्थ तुम्ही मिशनला लायक नाही असा मुळीच नाही. तेव्हा जपमाळ म्हणा, भांडी घासा, झोपा. त्या आठवड्याचं पत्र दोन ओळींचं जाऊ द्या.

म्हणून निघण्याआधी आपल्या पॅरिशच्या लोकांसोबत एकदा बसा आणि स्पष्ट ठरवा: पत्र महिन्यातून एकदा, पुढे पाठवायचं नाही, पैसे कोणा एकाच्या नावाने स्वीकारणार नाही. अवघड जातं, एखादी मावशी रुसतेही, पण विमानात बसल्यावर हे ठरवता येत नाही. त्याच आठवड्यात पीतज्वराची लसही उरकून टाका. ती प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, त्याआधी कार्ड चालत नाही. ते पिवळं कार्ड पासपोर्टमध्येच ठेवा, कारण केनियाहून परतताना भारतात उतरल्यावर ते दाखवता आलं नाही तर घरी जाण्याआधी सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.