चिऱ्याच्या घराची दर्शनी भिंत

राजापूरकडचं आमचं जुनं घर जांभ्याचं, म्हणजे तांबड्या दगडाच्या चिऱ्यांचं. आधीच्या डागडुजीत दर्शनी भिंतीच्या दरजा, म्हणजे चिऱ्यांमधल्या फटी, सिमेंटने भरलेल्या, वर ऑइलपेंट. आत मुरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नाही. रंगाला फुगे, चिऱ्यांच्या कडांचा भुगा. ‘टाइल्स लावून टाका’ हा सल्ला ज्याच्या त्याच्या तोंडी. म्हणजे ओल तशीच, फक्त झाकलेली!

सिमेंट छिन्नीने हलक्या हाताने काढवलं. ग्राइंडर लावू दिला नाही, जांभा लगेच कातरला जातो. रंग रिमूव्हर आणि नायलॉनच्या ब्रशने निघाला. मग मुरवलेला चुना एक भाग, चाळलेली वाळू तीन भाग. दरजा ओल्या करून चिऱ्यापेक्षा किंचित आत भरल्या. वर आठवडाभर ओलं गोणपाट. चुना सावकाश धरतो, गवंडी कुरकुरतोच. पागोळ्यांसाठी पन्हळही बसवली. रंग दिलाच नाही, तांबडा चिरा उघडाच देखणा.