नोरोव्हायरसवर संशोधन करायचं म्हणताय?

एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी संपत आलं की ज्युनिअर विचारतात, ‘मॅम, पीएचडीला कुठला व्हायरस घेऊ?’ मी नोरोव्हायरसवर काम करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘म्हणजे रोटा ना?’ नाही. उलट्या-जुलाबांच्या साथी पसरवणारा हा वेगळाच विषाणू. जगात वर्षाला सुमारे ६८.५ कोटी लोकांना तो गाठतो, असा अंदाज आहे.

१९६८ मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या नॉरवॉक गावच्या शाळेत साथ आली आणि १९७२ मध्ये विषाणूतज्ज्ञ अल्बर्ट कपिकियन यांना तिथल्या नमुन्यात हा विषाणू इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसला. दिसला खरा, पण पुढची कितीतरी वर्षं प्रयोगशाळेत वाढायला काही तयार होईना. या विषयातली निम्मी डोकेदुखी इथूनच सुरू होते.

विषाणू वाढत नाही म्हणजे प्लाक, म्हणजे पेशींच्या थरात जिवंत विषाणूने पाडलेली भोकं, मोजता येत नाहीत. हाती राहते आरटी-पीसीआर चाचणी, आणि ती फक्त आरएनए, म्हणजे विषाणूचं जनुकीय द्रव्य मोजते. तो आरएनए रोग देऊ शकणाऱ्या कणातला की निकामी झालेल्या, हे तिला कळत नाही. म्हणून लोकांनी सरोगेट, म्हणजे प्रयोगशाळेत वाढणारे बदली विषाणू घेतले: मांजराचा कॅलिसिव्हायरस, उंदराचा नोरोव्हायरस. त्यामुळे ‘सॅनिटायझरने नोरोव्हायरस मेला’ असा पेपर दिसला की निष्कर्ष बाजूला ठेवा आणि आधी मेथड्समध्ये कुठला विषाणू वापरलाय ते बघा. उंदराचा नोरोव्हायरस अल्कोहोलपुढे बऱ्यापैकी नमतो. माणसाच्या नोरोव्हायरसचा तसा भरवसा नाही. लॅबचं बाकच काय, सगळं सत्तर टक्के अल्कोहोलने पुसायची आपली सवय इथे सोडावी लागते. आधी घाण पुसून काढायची, मग १,००० ते ५,००० पीपीएम क्लोरीनचं ताजं ब्लीच. हातांना साबण आणि वाहतं पाणी.

२०१६ मध्ये ह्यूस्टनच्या बेलर कॉलेजमध्ये मेरी एस्टिस यांच्या गटाने एंटेरॉइडमध्ये विषाणू वाढवून दाखवला. एंटेरॉइड म्हणजे माणसाच्या आतड्यातल्या स्टेम सेलपासून वाढवलेली पेशींची रचना. विषाणूच्या काही स्ट्रेनना (उपप्रकारांना) पित्त घातल्याशिवाय वाढायचंच नसतं! त्यातही पेशी कोणाच्या, हे महत्त्वाचं. विषाणू ज्यांना चिकटतो त्या पेशींवरच्या शर्करा घडवणारं एफयूटी२ जनुक निकामी असलेल्या माणसाच्या पेशींत जीआयआय.४ हा नोरोव्हायरसचा प्रकार सहसा वाढत नाही. अशी माणसं काही स्ट्रेनपासून जन्मतःच सुरक्षित असतात.

या पेशी महाग आणि नखरेल. पेशींना आधार देणारं मॅट्रिजेल, त्यांना वाढवणारे ग्रोथ फॅक्टर यांचं बिल बघून गाइडचा चेहरा उतरतो. शिवाय विषाणू सहसा पिढ्यान् पिढ्या वाढवत नेता येत नाही, म्हणून बहुतेक वेळा रुग्णाच्या शौचाच्या गाळलेल्या नमुन्यापासूनच सुरुवात. चांगला टायटर (विषाणूचं भरपूर प्रमाण) असलेला नमुना आमच्याकडे सोन्याच्या भावाचा! आल्याआल्या छोटे अलिकॉट (वाटे) करून उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवा. घरी मात्र ‘दिवसभर काय करतेस?’ याचं उत्तर जेवणाच्या ताटावर देऊ नका.

पेशी वाढवायची कटकट नको असेल तर जिनोटायपिंगमध्ये, म्हणजे जनुकांवरून विषाणूचा प्रकार ओळखण्यात भरपूर काम आहे. पॉलिमरेज (आरएनएच्या प्रती काढणारं एन्झाइम) आणि कॅप्सिड (विषाणूचं कवच) या दोन्हींची जनुकं वाचावी लागतात, कारण रिकॉम्बिनेशन, म्हणजे दोन स्ट्रेनमधल्या जनुकांची अदलाबदल, सर्रास होतं. पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्थेत (एनआयव्ही) आतड्याच्या विषाणूंवर काम चालतं, ते बघून ठेवा. लशीवर काम करायचं असेल तर तयारीने या: २०२४ मध्ये बाळांवरच्या चाचणीत हिलेव्हॅक्स कंपनीची लस अपेक्षेला उतरली नाही.

गाइड निवडताना मात्र एवढं विचाराच: एंटेरॉइड तुमच्याकडे आहेत, की सगळं पीसीआरवरच चालतं?