घोड्याचा पलीकडचा पाय निळा केला आणि चित्र जुनं दिसायला लागलं

माझ्या काल्पनिक राज्याच्या लढाईचं चित्र मला बायो (Bayeux) टॅपेस्ट्रीसारखं हवं होतं, म्हणजे इंग्लंडमधल्या १०६६ च्या हेस्टिंग्जच्या लढाईची चित्रं असलेला तो जवळपास ७० मीटर लांब कापडी पट्टा, पण टॅबलेटवर कितीही मेहनत घेतली तरी माझं चित्र गेमच्या पोस्टरसारखंच दिसायचं. दोन महिने ब्रश बदलत बसले, काही फरक नाही.

मग मूळ पट्ट्याचे फोटो झूम करून बघितले. नाव टॅपेस्ट्री, म्हणजे विणलेलं चित्र, असलं तरी ते विणकाम नाहीच, लिननवर लोकरीच्या धाग्याने केलेलं भरतकाम आहे, आणि त्यात सावली, शेडिंग असलं काही नाही, मोजकेच रंग, आणि घोड्याचे पलीकडचे पाय सरळ वेगळ्याच रंगात! जवळचं-लांबचं दाखवायची त्यांची ती पद्धत, किती सुंदर आहे बघा.

मी ग्रेडियंटचे, म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू मिसळणाऱ्या छटांचे, सगळे लेअर उडवले, आठच रंग ठेवले, आधी बाहेरची रेघ आणि मग आत एका दिशेने धाग्यासारख्या रेषा, त्यांच्यावर आडव्या विरळ रेषा. वर-खाली प्राण्यांची किनार काढली, तिथे माझ्या जगातले पंखवाले कोल्हे बसवले. लाल घोड्याचा पलीकडचा पाय निळा केला आणि त्याच क्षणी चित्र जमलं.