कम्प्युटर डिपार्टमेंटला गावाकडून येणाऱ्या पोरापोरींसाठी

मी दर्यापूर तालुक्यातला, घरी कापूस-तूर, बीएस्सी तालुक्याच्या कॉलेजात केलं आणि एमएस्सी कम्प्युटरला अमरावतीला विद्यापीठात आलो. पहिला महिना लेक्चरला नुसतं ऐकून घ्यायचो, विचारायची हिंमतच नव्हती कारण सगळं इंग्लिशमध्ये.

खरं शिकणं सुरू झालं ते लॅबमध्ये. मॅडमनी विचारलं ज्युनिअरच्या प्रॅक्टिकलला कोण मदत करते, मी हो म्हटलं. एका पोराला स्टॅक (प्रोग्राममध्ये डेटा एकावर एक रचून ठेवायची पद्धत) समजत नव्हता, तर त्याले म्हटलं बावा घरी तुरीच्या पोत्यांची थप्पी लावतो ना, शेवटी ठेवलेलं पोतं आधी निघते, तसंच हे. त्याला पटलं. मग रिकर्शनवर आलो, फंक्शन स्वतःलाच बोलावते, प्रत्येक वेळी थप्पीवर एक पोतं चढते, तर तो म्हणे "पण दादा, हे थांबते कवा?" मला नीट सांगताच नाही आलं. रात्री होस्टेलवर फॅक्टोरियल (४ चं म्हणजे ४×३×२×१) कागदावर चालवून पाहिलं, ४ साठी, मग ३, २, १, आणि तिथं थांबायची अट काढून टाकली की थप्पी भरून प्रोग्राम का मरतो हे तेव्हा डोक्यात शिरलं. पेपरसाठी हेच मी आधी पाठ केलं होतं! म्हणून सांगतो, ज्युनिअरला शिकवायची संधी आली की सोडू नका, त्याचे पैसे मिळत नसले तरी.

इंग्लिशची अडचण असेल तर आयआयटी बॉम्बेचे स्पोकन ट्युटोरियल पहा, सी, लिनक्स मराठीत आहे, फुकट. एनपीटेलचे (आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन) कोर्स पण शिकायला फुकटच, सर्टिफिकेट पाहिजे असेल तरच परीक्षेची फी, आणि परीक्षा सेंटरवर जाऊन द्यावी लागते.

पुढे प्राध्यापक व्हायचं असेल तर नेट (देशपातळीची पात्रता परीक्षा) किंवा सेट (राज्याची). एमएस्सीला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ५०, शेवटच्या वर्षाला असतानाच फॉर्म भरता येते. नेटमध्ये १५० प्रश्न, ३ तास, निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न सोडून येऊ नका. पहिल्या पेपरचे ५० प्रश्न शिकवणं, संशोधन, तर्क, आकलन अशा गोष्टींवर असतात, आपले पोरं त्याच्याकडे पाहतच नाहीत आणि तिथंच मार खातात.

कॉलेजातल्या तासिका तत्त्वावरच्या नोकरीचं मात्र घरी आधीच स्पष्ट सांगा. जेवढे तास तेवढेच पैसे, उन्हाळ्यात काहीच नाही. मी दोन वर्षं केलं, मानधन पण महिनोन् महिने थांबायचं, बाबांनी तूर विकून माझं रूमचं भाडं भरलं हे मी विसरत नाही. वर्गात उभं राहणं तरी मला आवडतेच, आता सेट पास झालो आहे आणि प्राध्यापक भरतीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवून आहे.